कप्तान दिवेकरांची माणसं

बारामती
९ नोव्हेंबर २०२५

ती. संजीवनी आत्यास,
अश्लेषाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. आईची पाठ थोडी कुरकुरते, बाबांचं सकाळचं फिरणं चालू आहे. तू मला फोन लावत असशील आणि तो बंद लागत असेल. तो मीच बंद करून कपाटात ठेवलाय. बाबांच्या फोनवरून बोलावं तर ते समोरच बसलेले असतात, आणि मला जे सांगायचंय ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. उद्या कुंडलिकमामा तुमच्या शेतातली ढोबळी मिरची घेऊन मार्केटला येतील, तेव्हा हे पाकीट त्यांच्या हाती देईन.

'अगस्ती'चं नवं पर्व दिवाळीत आलं हे तुला ठाऊक आहेच. तू आणि बाबा लहानपणी शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे मांडी घालून जी बघायचात, तीच ही मालिका. तिची पुढची पर्वं झाली, पुस्तकं झाली, मीही त्यांच्यावरच वाढले. अगस्ती यान दूरच्या ग्रहांवर अडकलेल्या माणसांना घरी आणतं आणि कप्तान दिवेकर कुणालाही मागं ठेवून निघत नाहीत, एवढं तर आपल्याकडच्या लहान पोरालाही माहीत असतं. आणि नव्या पर्वाच्या पहिल्याच भागात तेच दिवेकर एक अख्खी वसाहत टाकून निघून जातात. मागं वळून बघतही नाहीत. मला रडू आलं, मग राग आला. स्वयंपाकघरात उभी राहून मी एक व्हिडिओ केला. त्यात भरपूर चिडले आणि शेवटी म्हणाले की ज्या बाईंनी हे लिहिलं, त्यांनाच त्या ग्रहावर सोडून या.

तो व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला. आत्या, खरं सांगते, पहिले काही दिवस मी हवेत होते. दवाखान्यात पेशंट ओळखायला लागले. मग 'सोडून या' हे शब्द लोकांनी उचलले. लेखिकेचं नाव जयवंता. तिच्या घराचा फोटो कुणीतरी टाकला, त्याखाली सोडून या. तिच्या मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो टाकला, त्याखालीही तेच. मी दुसरा व्हिडिओ करून हात जोडले, हे थांबवा म्हटलं. त्या दिवसापासून मी विकली गेले, गद्दार झाले. आमच्या दवाखान्याच्या फाटकाचा फोटोही आता तिथं आहे.

परवा गुडघा दुखतो म्हणून एक माणूस आला. नाव दिवेकर सांगितलं होतं. मी त्याचा गुडघा वाकवून बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. तेवढ्यात तो अगदी हळू आवाजात म्हणाला की ताई, तुम्हीच सोडून या म्हणालात, आता आम्हालाच थांबा म्हणता व्हय. माझे हात त्याच्या पायावरच होते. मग त्यानं विचारलं, घरी कॅनॉलच्या रस्त्यानं जाता ना? आणि चप्पल घालून, नमस्कार करून निघून गेला.

मी कॅनॉलच्याच रस्त्यानं जाते, आत्या.

मामांना सगळं सांगू नकोस, उगीच काठी घेऊन येतील. तुझा लोभ मला नेहमीच मिळतो, या दिवसांत मूठभर जास्त दे.

तुझी,
अश्लेषा

•

शेळगाव
१२ नोव्हेंबर २०२५

चि. अश्लेषा हीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र शेडनेटमध्ये वाचलं. मिरची तोडणाऱ्या बाया विचारत व्हत्या काय झालं, मी म्हणाले डोळ्यात औषध उडालं. पोरी, असलं सगळं एकटीनं पोटात ठेवून तू कामावर जातीस? आधी दादाला सांग. माझा भाऊ दिसतो मऊ, पण तसा न्हाय. लहानपणी शेजाऱ्यांनी आमाला टीव्हीपुढनं उठवलं, तर त्यांच्या खिडकीबाहेर मला खांद्यावर घेऊन त्यानं अख्खा भाग दाखवला व्हता. त्याला कळलं तर त्रास होईल खरा, पण बाहेरनं कळलं तर जास्त होईल.

दुसरं, पोलिसात जा. त्यात लाज कसली? तिसरं, सुट्टी टाक आणि हितं ये. हितं दिवसभर माणसांचा राबता असतो आणि कुत्री दोन हायेत.

आता एक गोष्ट सांगते, रागवू नको. मला नवं पर्व आवडलं. मिरची निवडता निवडता फोन क्रेटवर उभा करून सगळे भाग बघितले. दिवेकर म्हातारा झालाय, त्याला भ्या वाटतं, त्याचा हात थरथरतो. मला तो पहिल्यांदा माणूस वाटला. तुझ्या व्हिडिओत तू त्याला भित्रा म्हणालीस तवा मला हसू आलं, कारण पाल दिसली की पलंगावर चढणारी तूच. तर हे भांडण आपण समोरासमोर करू, त्यासाठी तरी ये.

आणि ते 'सोडून या'वाले फोनवर ज्या ग्रुपात जमतात, तिथं मी बी चार शब्द सुनावलेत. माझ्या पोरीला बोलतात म्हणजे काय? ते भेटल्यावर सांगीन.

तो माणूस दिसायला कसा हाय ते कळव. एकटी जाऊ नको, येऊ नको. ही आत्या हाय तोवर मायेला तोटा न्हाय, हे ध्यानात असू दे.

तुझी,
संजीवनी आत्या

•

बारामती
१७ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांना सांगितलं. त्यांनी उठून बँकेत जाताना घालायचे तो शर्ट घातला आणि म्हणाले, चल. पोलीस ठाण्यात त्यांनी सगळं नीट सांगितलं. तिथल्या साहेबांनी मध्येच विचारलं की हे दिवेकर राहायला कुठं असतात. बाबा शांतपणे म्हणाले, अंतराळात. मला त्या परिस्थितीतही हसू आलं. तक्रार घेतली आहे. पण धमकी अशी शब्दांत नाही ना, असं ते दोनदा म्हणाले. खरंच नाही. रस्त्याचं नाव विचारणं ही काय धमकी झाली?

तू विचारलंस तो दिसायला कसा. तेच तर आहे. कुणासारखाही. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले, आवाज मऊ. गेल्या आठवड्यात दोनदा तो समोरच्या चहाच्या टपरीवर उभा दिसला. दुसऱ्यांदा त्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली, ओळखीच्या माणसाला डोलावतो तशी. आता गच्चीवरचे कपडे आई आणते. मागून गाडीचा आवाज आला की मी दुकानात शिरते. काल अशीच एका खतांच्या दुकानात शिरले आणि काय पाहिजे म्हटल्यावर युरियाचा भाव विचारून आले.

जयवंताबाईंना मी माफीचं लिहून पाठवलं. उत्तर नाही. त्यांनी मुलीची शाळा बदलली असं ऐकलं. माझ्या एका वाक्यापायी एक लहान मुलगी शाळेतून काढावी लागली, आत्या. ते वाक्य बोलताना मी हसत होते. मागं कुकर होता.

तुला ते पर्व आवडलं हा मात्र मला मोठा धक्का आहे. म्हातारा दिवेकर माणूस वाटला म्हणे! रविवारी बाबा मला शेळगावला सोडतील, तेव्हा बघते तुझ्याकडे. वांग्याचं भरीत कर.

मामांना नमस्कार. कुत्र्यांनाही. मायेत अंतर पडणार नाही हे माहीत असूनही मागायला बरं वाटतं.

तुझी,
अश्लेषा

•

शेळगाव
३० नोव्हेंबर २०२५

ती. केशवदादास,
धाकट्या संजीवनीचा शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर पोरगी शेजारीच बसली व्हती, म्हणून मी नुसतं ती सुखरूप हाय एवढंच म्हणाले. सुखरूप हायच. पण झालं ते तुला माझ्या तोंडून कळलं पाहिजे.

काल सकाळी आमी मिरची तोडत व्हतो. अश्लेषा क्रेट घेऊन आतल्या ओळीत व्हती. रस्त्यावर मोटारसायकल थांबली आणि एक माणूस शेडनेटच्या दाराशी आला. अदबीनं विचारलं, संजीवनीताई तुमीच का? मी व्हय म्हणाले. नाव संदेश, लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला हाय म्हणाला. मला वाटलं कोणी मिरची बघायला आलाय. बसा म्हणाले, पाणी आणते म्हणाले. आणि मागं क्रेट पडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर तुझी पोरगी त्याच्याकडं बघत मागं सरकत व्हती. दवाखान्यात गुडघा दाखवायला आलेला तो हाच.

त्याच्या हातात कापडी पिशवी व्हती, पिशवीत बाटली. मला वास आला. पेट्रोल.

दादा, शेडनेट म्हणजे सगळं प्लास्टिक. दार एकच, आणि त्या दारात तो. आत बाया आणि आपली पोरगी. कुंडलिकराव विहिरीवर. मी विचारलं बाटलीत काय हाय, तर म्हणाला, गाडीचं.

मग अश्लेषा बोलली. तिनं त्याला विचारलं की तू अगस्तीचा पहिला भाग कुठला बघितलास. तो जरा गडबडला. मग सांगितलं, यान बर्फात अडकतं तो. ती म्हणाली, मी पण तोच, आणि मला त्यातला मिस्तरी फार आवडायचा. तो म्हणाला, त्या मिस्तरीसाठी दिवेकर परत गेला व्हता. आणि दोघं बोलायला लागले, दादा, जशी एका वर्गातली पोरं. मिरचीच्या ओळीत उभी राहून. मी मध्ये उभी, नाकात पेट्रोलचा वास, आणि ह्यांचं कुठल्या भागात काय झालं ते चाललंय. त्याला सगळं तोंडपाठ हाय.

बोलता बोलता त्याचा आवाज चढला. म्हणाला, त्या बाईनं आमच्या दिवेकराला भ्याड केला. अश्लेषा म्हणाली, मला पण तसंच वाटलं, मी पण रडले, पण तिच्या लहान पोरीनं तुझं काय केलंय? तवा तो म्हणाला, तुमीच आमाला गोळा केलंत. कारखान्यात माझ्याशी कोणी बोलत न्हाय, पण त्या ग्रुपात आमी किती जण व्हतो, रोज बोलायचो. मग तुमीच उठून गेलात. ती म्हणाली, व्हय, मी बोलले ते चुकीचं बोलले आणि मग घाबरून पळाले. आता पळत न्हाय. तू ती पिशवी बाहेर बांधावर ठेव, मग पाहिजे तेवढं बोलू.

तो लई वेळ तिच्याकडं बघत राहिला. मग गेला आणि ठेवून आला. तवा कुठं माझ्या मागच्या बाया रडायला लागल्या.

एक बाई नेटची कड उचलून मागनं निसटली व्हती, तिनं कुंडलिकराव आणि पोलीस पाटील विजयसिंह यांना आणलं. त्याला ठाण्यात नेलं. तिथं तो म्हणाला, पेट्रोल गाडीसाठीच व्हतं. गाडी बघितली तर टाकी खरंच कोरडी व्हायला आलेली. त्याचा म्हातारा बाप आला, सगळ्यांपुढं हात जोडत फिरला. लिहून घेतलं, दम दिला, आणि बापाबरोबर पाठवून दिलं. कुंडलिकराव म्हणतात, खेड्यात बाटलीतनं पेट्रोल कोण नेत न्हाय? आपण बी नेतो. खरं हाय. पण मग पिशवी बाहेर ठेव म्हणल्यावर एवढा विचार कशाला केला त्यानं? मला कळत न्हाय, आणि आता कधी कळायचं बी न्हाय.

आता शेवटचं. त्याला शेळगाव कसं कळलं? मी सांगितलं, दादा. त्या ग्रुपात मी माझ्या नावानं लिहिलं व्हतं की अश्लेषाची आत्या शेळगावात बसलीय, हिंमत असंल त्यानं हितं येऊन बोलावं. मला वाटलं, लई मोठं बोलले. ते मी पोरीला सांगितलं. तिनं माझ्या हातातनं फोन घेतला, ते पुसून टाकलं, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

इंदिरावहिनीला यातलं सोसंल तेवढंच सांग. धाकटीवर राग धर, पण माया तोडू नको.

तुझी,
संजीवनी

•

बारामती
१४ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
अश्लेषाचा सा. न. वि. वि.

तू बाबांना लिहिलेलं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. तू स्वतःला बोल लावून घेणं आता बंद कर. तू माझ्या बाजूनं उभी राहिलीस, दुसरं काय? मामा म्हणाले की तू हल्ली शेडनेटला दुसरं दार पाडायच्या मागे आहेस. पाड. मीही दवाखान्यात माझं टेबल दाराकडे तोंड करून फिरवून घेतलंय.

कामाला लागले आहे. बाबा सोडायला आणि न्यायला येतात, आणि आपण फिरायलाच निघालोय असं दाखवतात. संदेश परत दिसला नाही. त्याच्या वडिलांनी पोलिसांमार्फत निरोप पाठवला की तो कामावर जातो, नीट जेवतो. ऐकून बरं वाटलं. का बरं वाटलं ते मला सांगता येणार नाही.

तुला एक बातमी लागली असेलच. नवं पर्व बंद केलं. पुढचे भाग दाखवणार नाहीत असं कंपनीनं जाहीर केलं, आणि लोकांनी फटाके वाजवले. जयवंताबाईंनी सगळीकडून आपलं नाव काढून टाकलंय. त्या कुठं आहेत, मुलगी बरी आहे का, विचारणार तरी कुणाला?

काल दवाखान्यात एक कुटुंब आलं. नवरा, बायको, छकुली म्हणून हाक मारत होते ती चिमुरडी. मला वाटलं मुलीला काही झालंय. तर त्या गृहस्थांनी पिशवीतून पेढ्यांचा बॉक्स काढला. म्हणाले, ताई, आपण जिंकलो, सुरुवात तुम्ही केलीत म्हणून मुद्दाम इंदापूरहून आलो. बाईंनी माझ्या हातावर पेढा ठेवला. त्या लहानगीनं बोबडं बोबडं 'सोडून या' म्हणून दाखवलं आणि सगळे कौतुकानं हसले. मग फोटो. मी त्यांच्या मधोमध उभी राहिले आणि हसले, आत्या. हसले कारण न हसण्याची मला हिंमत झाली नाही.

त्यांचे चेहरे इतके भले होते. जाताना त्यांनी माझ्या आईबाबांची चौकशी केली, आणि मी नुसती मान हलवत राहिले, कारण त्यांना कशाचंही उत्तर द्यावं की नाही हेच मला ठरवता येईना. ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि बाबा येईपर्यंत उघडलं नाही. बाहेर तीन पेशंट ताटकळत होते.

रागावलेल्या माणसाशी बोलता येतं हे मला तुझ्या शेतात कळलं. पण जो हसत येतो, पेढे घेऊन येतो, त्याला मी काय म्हणायचं?

मिरचीची तोडणी संपली की चार दिवस इकडे ये. बाबा वरवर काही दाखवत नाहीत, पण फाटक वाजलं की आम्ही दोघंही एकदम उठतो. तू असलीस की निदान एकजण बसून राहील. येताना लोभ वेगळा आणायची गरज नाही, तू आलीस की तो आलाच.

वाट बघणारी,
अश्लेषा