उद्घाटनाचा चेंडू

५ जानेवारी, सोमवार.
कुंडलहून दादासोचा फोन. माझा एकेकाळचा कॅप्टन. रविवारी तिथे टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा. उद्घाटनाचा चेंडू मी टाकायचा, प्रमुख पाहुण्यांनी टोलवायचा. “हळू टाक रं गड्या. सायबांचा फोटो असतोय.” बरं म्हणालो. पण साहेबांचा मिडल स्टंपच उडवला, तर कुंडलवाले मला संघात घेतल्याशिवाय राहतील? वय एकोणसत्तर. मनगट मात्र तिशीतले. उद्यापासून सराव.

६ जानेवारी. पहाटे.
थंडी फार. सराव उद्या. पांघरुणात पडल्या पडल्या करिअर आठवले. मिरज, कुंडल, मेढा, पुन्हा मिरज. एकाही संघाने सलग दोन सीझन ठेवले नाही. सगळीकडून मागणी!

८ जानेवारी.
सराव केला. गल्लीत. बरेच चेंडू गटारात. एक स्विंग झाला. चांदबी म्हणाली, वारं होतं. मग बाम चोळता चोळता, “आवं, मेढ्याच्या लोकांनी हरल्यावर जीपमदीबी घेतलं न्हाई तुमाला. इसरला व्हय?” बायकोला स्पोर्ट्समधले कळत नाही. मी मुद्दाम एसटीने आलो होतो. खिडकीतून डोंगर बघत.

९ जानेवारी.
रनअप कवितेवर. चौथीच्या पुस्तकातली, गुरुजींनी छडीने पाठ करून घेतलेली. पहिल्या ओळीला चालायचे, दुसरीला धावायचे, यमक आले की चेंडू सोडायचा. मेढ्यातही असाच टाकायचो.

१० जानेवारी.
खांदा बधिर. चांगले लक्षण. दुखत तरी नाही. पांढरी पँट कमरेला बसेना. चांदबीने हसत नाडी ओवून दिली.

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळी, एसटीत.
पाहुणे उशिरा आले. मी रनअपला निघालो. पहिली ओळ झाली. दुसरी आठवेना. मध्येच थांबलो. परत गेलो, पुन्हा पहिल्यापासून. तरी नाही. शेवटी यमकाविनाच सोडला.
चेंडू दोन टप्पे पडला, घरंगळला, पिचच्या मध्यावर थांबला. पाहुणे चालत पुढे आले आणि त्यांनी तो टोलवला. फोटो. फटाके.
दादासो पळत आला. पाठीवर थाप. “झकास! आगदी सांगितला तसा टाकलास की रं!”
मी पँटची नाडी आवळली.
“फुडच्या वर्षीबी तूच यायचं,” म्हणाला.
कवितेची दुसरी ओळ आत्ता आठवली. तिसरीसुद्धा.
पुढच्या वर्षीही मीच. म्हणजे एकाच संघाकडून सलग दोन सीझन. आयुष्यात पहिल्यांदाच.
चांदबीला सांगावे की नाही, मिरज येईपर्यंत ठरवतो.