बेचाळीस नावं

३ जून, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी जाम खूश! नवं गाव, भाड्याची खोली, संगणक विभागात खिडकीजवळचं टेबल. ताई ऑपरेशननंतर तिकडे घरी एकटीच, म्हणून फोन सकाळपासून चालूच ठेवलाय, रात्रीही ठेवणार. बोलत नाही फारसं, नुसती एकमेकींची खुडबूड ऐकतो. शेजारी जुने ऑपरेटर भाऊ; तेही सदानकदा वहिनींशी फोनवर. त्यांच्या टेबलावरचा पसारा मला बघवेना. मला टापटीप लागते. ताई म्हणते, एक दिवस मी तिलाही घडी घालून कपाटात ठेवीन.

साहेबांनी यादी दिली: सोडून गेलेल्या बेचाळीस जणांच्या फाइली पुसायच्या. वाचत बसले नाही, एका दमात उडवल्या.

४ जून, मंगळवार
यादीत चुकून भाऊही होते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, पुसलं ते नुसतं नाव. डब्यावरची चिठ्ठी काढली म्हणून आतली साखर जात नाही. फाइल आधीच कुणी उघडून ठेवली असेल, तर तिला काही होत नाही. फक्त नव्याने शोधून सापडत नाही, आणि शेवटच्याने बंद केली की जागा दुसऱ्याची.

मग रिसीव्हरकडे बोट दाखवलं. कालपासून खाली ठेवलेला नाही, पलीकडे वहिनी. म्हणाले, माणसाचंही तसंच. मी हसले. ते हसले नाहीत. माझ्या खिशाकडे बघून म्हणाले, तुझाही चालूच राहू दे. ताईच्या काळजीपोटी म्हणाले असतील.

५ जून, बुधवार
भाऊ घरी गेलेच नाहीत, अंगात कालचाच शर्ट. गेटवर त्यांचं कार्ड चालत नाही. साहेबांनी त्यांना विचारलं, आपण कोण?

दुपारी ते तोंड धुवायला गेले तेव्हा मी टेबल आवरून दिलं. कप, कागद, पेनं. रिसीव्हरही जागेवर ठेवला. हात सवयीने गेला.

भाऊ अजून आलेले नाहीत.

६ जून, गुरुवार
भाऊंच्या खुर्चीत एक चष्मेवाला. तीन वर्षं इथेच बसतो म्हणे. साहेब म्हणाले, कोण भाऊ?

भाऊंच्या टेबलावरच्या फोनचं रीडायल दाबलं. बाई म्हणाल्या, माझं लग्नच झालेलं नाही. चांगल्या आनंदात होत्या.

मी केलं हे. माझ्या हातांनी.

७ जून, शुक्रवार
यादी काढली. आज वाचली. खाली अजून कामावर असलेल्यांची दोन नावं चुकून आलेली. एकेचाळिसावे भाऊ.

बेचाळिसावी मी.

त्यांनी वाचली होती — म्हणून म्हणाले — चालूच राहू दे —

कार्ड लाल दाखवतंय. चष्मेवाला विचारतोय, कोण पाहिजे.

फक्त ताई. ओरडून सांगतेय, ठेवू नकोस. ती हसते. म्हणते, टाके निघाले, आता कसली काळजी. म्हणते, फोनवर तुझं नावच दिसत नाही गं, काहीतरी बिघडलंय. ठेवते, आणि नाव शोधून परत ला