कारणापासून पुढचं

बाई, तुमची लाल पेन्सिल मला अजून दिसते. तिचं दुसरं टोक निळं होतं आणि ते कधी झिजलेलं पाहिलं नाही. आठवडाभर शाळेत तुम्ही तिने वह्या तपासायचात आणि रविवारी मिस्सा झाली की चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची पापं. पहिल्या पापनिवेदनाआधी तुम्ही सरावाला यादी करायला सांगितलीत. खोटी पापं लिहा म्हणालात, खरी फादरांसाठी ठेवा. मी नऊ वर्षांचा होतो, खोटी सुचली नाहीत, म्हणून खरीच लिहिली. मी भावाला ढकललं, कारण त्याने माझा पतंग फाडला. मी आईशी खोटं बोललो, कारण ती त्याचंच ऐकते. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. ‘‘हे पापनिवेदन आहे की तक्रार अर्ज?’’ मग प्रत्येक ओळीतलं कारणापासून पुढचं खोडलंत. ‘‘भावाचं भाऊ सांगेल. त्यालाही देवाने तोंड दिलंय.’’

त्याच शेडमध्ये तुम्ही शिकवलंत की, मोठं पाप व्हायला बाब गंभीर असावी लागते, ती गंभीर आहे हे पुरतं ठाऊक असावं लागतं आणि तरीही माणसाने ती आपणहून करावी लागते. भीती, सवय, थकवा यांनी दोष हलका होतो. मी लगेच हात वर केला. ‘‘मग माझं कारण का खोडलंत?’’ तुम्ही फळा पुसत म्हणालात, ‘‘हलका होतो. पण तराजू तुझ्या हातात दिलेला नाही.’’ मला तो सरळ अन्याय वाटला.

मग तो पट्टीचा रविवार. एक मुलगी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणताना अडखळते, मागून कुणीतरी हसतं आणि पट्टी माझ्या बोटांवर बसते. हसलो मी नव्हतो. पुढच्या शनिवारी आम्ही पापनिवेदनाच्या रांगेत उभे होतो आणि तुम्ही माझ्या पुढे. वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, ‘‘मी तुला मारलं. चुकलं माझं.’’ एवढंच. पुढचं वाक्य येईल म्हणून मी थांबलो, कारण ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शेवटी मीच म्हणालो, ‘‘बाई, तुमचे मिस्टर दवाखान्यात आहेत ना, म्हणून झालं असेल.’’ तुम्ही माझी बोटं हातात घेऊन पाहिलीत. ‘‘ते तू म्हणालास तर चालतं. मी म्हणायचं नसतं.’’ मग आत जाऊन गुडघे टेकलेत.

पुढे मी वर्तमानपत्रात गेलो. हाताखालच्या मुलांनी चुका केल्या की त्यांची कारणं मी संपादकांना सांगायचो: नवीन आहे, घरी आजारपण आहे, दोन पाळ्या सलग केल्यात. तुमच्या शिकवणीतला हा भाग मला चांगला जमला. स्वतःबद्दलचा राहिला.

तुमच्या शेवटच्या आजारात तुम्ही मला दोनदा निरोप पाठवलात. येऊन जा म्हणावं, फार वेळ घेणार नाही. मी कोथरूडला, तुम्ही गुलटेकडीला, स्कूटरवरून अर्ध्या तासाचा रस्ता. तुम्ही गेल्याला आता एकवीस वर्षं झाली. या काळात मी दर ईस्टरआधी पापनिवेदन केलं. राग, आळस, परनिंदा सगळं सांगितलं. हे एकदाही नाही. गेल्या शनिवारी ठरवून गेलो. नंबर जवळ आला तसा मागच्या आजींना पुढे जाऊ दिलं, मग त्यांच्या मागच्या दोघांना. आजी म्हणाल्या, ‘‘किती चांगला स्वभाव हो तुमचा.’’ मी घरी आलो.

म्हणून आधी इथे. तुम्ही बोलावलंत. मी आलो नाही.

याच्यापुढे अर्धं पान होतं. निवडणुकीचे दिवस, रजेवरचे दोघे, आणि तुम्हाला अंथरुणावर पाहायची भीतीही. ते खोडलंय. लाल पेन्सिल घरात नव्हती, साध्या पेनाने खोडलं. वाचता येईल इतपतच खोडलंय, हेही सांगून टाकतो.