कोर्टावरचे दिवे आणि माझी सुई

२ तारीख, सोमवार
आजपासून रोजनिशी. सांगणार मी, लिहिणार माझी नात. उड्या मारत चालते म्हणून मी तिला टोळ म्हणते. ही वही फक्त माझ्यासाठी. मला वाचता येत नाही, तेव्हा माझ्यापासूनही सुरक्षित.
निमित्त असं. कॉलनीच्या हॉलमधल्या बॅडमिंटन कोर्टाचे दिवे बदलायचेत. जुन्या ट्यूबा लुकलुकतात. मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी विचारलं, जबाबदारी कोण घेतंय. सगळे चपला शोधायला लागले. मी हात वर केला. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर काढली. उजेडातलं मला नाही कळणार तर कोणाला?
टोळ म्हणाली, अठ्ठावीसला तिथेच तिची निवडीची मॅच आहे. जिंकली तर टीममध्ये. पुढच्या वर्षी वयात बसणार नाही, म्हणजे ही शेवटची. म्हटलं, मग झालंच. आजीच्या उजेडात नात जिंकणार.

४ तारीख, बुधवार. सकाळी
दिव्यांचं दुकान. दुकानदार पोपटासारखा लक्स, बीम, ग्लेअर. म्हणे बॅडमिंटनला दिवे कोर्टाच्या दोन्ही कडांना लावायचे, दुधी काचेचे, कारण खेळणारे वर बघतात. म्हटलं, बाबा, काम खाली असतं. माझा बल्ब चाळीस वर्षं थेट डोक्यावर होता, एक टाका वाकडा गेला नाही. टोळने तिच्या आईच्या लग्नातल्या, मी शिवलेल्या ब्लाउजची आठवण काढली. हे लिहू नकोस. लिहिलंस ना?
माझी परीक्षा साधी. दिव्याखाली सुई ओवायची. गेला दोरा, दिवा पास. त्याच्या दिव्याखाली नाही गेला.

९ तारीख, सोमवार
चौथं दुकान. सात दिवे नापास. हल्ली दिव्यांत दमच नाही. सुयांची नेढीसुद्धा बारीक करून ठेवलीत मेल्यांनी. सून म्हणाली, आई, एकदा डोळे दाखवून घ्या. म्हटलं, समोरच्या गच्चीवरची मांजर मला इथून दिसते. म्हणाली, ते पायपुसणं आहे. असू दे. दिसलं ना?

१३ तारीख, शुक्रवार
सापडला. मोठा फोकस. दुकानदार म्हणाला, हा बाहेरच्या मैदानावर उंच खांबाला लावतात. म्हणजे दणकट. पाचव्या खेपेला दोरा गेला. टोळने माझा हात धरला होता, पण तो आधाराला. चार सांगितले.

१९ तारीख, गुरुवार
दिवे बसले. अगदी कोर्टाच्या डोक्यावर, तोंड सरळ खाली. वायरमन म्हणाला, आजी, असे नका लावू, डोळ्यांत जातील. म्हटलं, तुझं वय किती, माझा अनुभव किती. लावले त्याने तसेच. हॉल ऑपरेशनच्या खोलीसारखा झाला. सेक्रेटरी आत आले ते कपाळावर हात धरूनच. मला केलेला नमस्कार असावा.

२२ तारीख, रविवार
कुरकुर सुरू. डबल्सवाले काका म्हणतात, बॅडमिंटनचं फूल वर गेलं की गायब होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. दातांच्या डॉक्टरीणबाई गॉगल घालून खेळतात. फॅशन.
टोळला विचारलं, तुला दिसतं ना? म्हणाली, सवय करतेय. म्हणजे दिसतं.

२६ तारीख, गुरुवार
टोळ म्हणाली, मॅचपुरते दोन दिवे कडेला फिरवूया का. सेक्रेटरी म्हणतात, आजी हो म्हणाल्या तर वायरमन तासाभरात करेल. मी विचारलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही? ती लिहायची थांबली. पेनचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाली, आहे.
एवढं ठळक लिही.

३० तारीख, सोमवार
आज वायरमन लिहितोय. दिवे उतरवायला आलाय. मॅचपासून टोळ वही घेऊन बसली नाही. रागावलीस का विचारलं, तर नाही म्हणाली. चहा देते, औषध देते. वही देत नाही.
मॅच वायरमनने सांगितली तशी सांगते. तो माझ्या शेजारी होता. पहिला गेम टोळने घेतला. समोरची पोर हुशार, दुसऱ्यापासून तिने फूल उंच, थेट दिव्यातच मारायला सुरुवात केली. दुसरा तिचा. शेवटच्या गेमला दोघी बरोबरीत, एकच पॉइंट उरला. फूल वर गेलं. टोळने मान वर केली, डोळे मिटले, रॅकेट हवेत फिरवली. फूल तिच्या खांद्यावर पडलं. मी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकली. वायरमनने माझे हात धरून खाली ठेवले.
आज दुपारी गच्चीत बसले. भर ऊन. सूर्य थेट डोक्यावर, मी सांगते तिथेच. सुई घेतली. एकदा, दोनदा, दहादा. दोरा नेढ्याच्या बाजूने जात राहिला. समोरच्या गच्चीवर मांजर होती. का पायपुसणं, माहीत नाही.
वायरमनला म्हटलं, लिही, नापास. त्याने विचारलं, कोण.
म्हटलं, तेवढं लिहू नकोस.