वहीत राहून गेलेली मावशी

ती. मावशीस,

खुर्चीतूनच, पण मनाने पुरती आडवी होऊन नमस्कार. तुझा डावा गुडघा कसा आहे? (डावाच, हे आता दोनशे बारा जणांना ठाऊक आहे. रागावू नकोस, पुढे वाच.)

आमच्या कंपनीच्या संगणकावरच्या वहीत हवं ते, हवं तसं मांडता येतं. म्हणूनच नवा माणूस ती उघडतो, कोऱ्या पानाकडे बघतो आणि घाबरून बंद करतो. मी साहेबांना म्हटलं, नवख्यांना कप्पे, याद्या, आठवण करून देणाऱ्या घंटा लावून तयार वही देऊ या. साहेब म्हणाले, करा. (ते ‘करा’ म्हणाले की निस्तरायचंही आपणच.) विद्यार्थ्याची वही झाली, दुकानदाराची झाली. घर सांभाळून नोकरी करणाऱ्यांची करायला वेळच उरेना, तेव्हा मी माझीच वही घेतली, खासगी मजकूर पुसला आणि दिली ठेवून. पुसताना एक ओळ राहिली: ‘रविवार, सकाळी अकरा. मावशीला फोन. डावा गुडघा विचारणे.’ खाली तुझा नंबर.

लोक इतके आज्ञाधारक असतील असं वाटलं नव्हतं गं! वही म्हणाली फोन करा, त्यांनी केला. आणि तू तर चुकून फोन लागला तरी ‘जेवलास का’ विचारणारी. एकीला तू राजीनामा फाडायला लावलास, एकाला भावाशी बोलायला लावलंस, आणि मला अवाक्षर नाही! चूक कळली तेव्हा मी ती ओळ सगळीकडून काढून टाकली. तर तक्रारींची रीघ लागली: मावशी कुठे गेली? एकाने लिहिलं, ‘वही ठीक. मावशी उत्तम.’ ते नेमकं साहेबांनी वाचलं. आता म्हणतात, येत्या शुक्रवारपर्यंत एकतर ती ओळ परत घालायला मावशींची लेखी परवानगी आणा, नाहीतर तुमचा राजीनामा. तेव्हापासून कुणी नुसतं खाकरलं तरी मी उठून उभी राहते.

काकांना नमस्कार.

तुझी धांदरट भाची

ता. क. सोबत परवानगीचा कागद आहे. सही तळाशी. (घाई मुळीच नाही. आज केलीस तरी चालेल.)

ता. क. २. ती ओळ सगळीकडून निघाली, म्हणजे माझ्या वहीतूनही. गेले दोन रविवार मी तुला फोन केला नाही, हे मला आत्ता पाकिटावर पत्ता घालताना कळलं. ‘तुझा फोन लागत नव्हता’ असं लिहिणार होते, पण हात धजला नाही. मला फार वाईट वाटतंय. सही नको वाटली तर नको करूस, नोकरीचं मी बघेन. फक्त या रविवारी अकरा वाजता दुसऱ्या कुणाचा फोन घेऊ नकोस.