नऊ नंबर बाहेर का गेला

३ मार्च, सकाळ

आपल्या फुटबॉल क्लबनं जाहीर केलं. पूर्वेकडच्या नव्या स्टँडला आपल्या एका माजी मॅनेजरचं नाव देणार आणि ते नाव चाहते ठरवणार. महिन्याअखेरीस क्लबच्या हॉलमध्ये सभा. प्रत्येक उमेदवारासाठी एक वक्ता, मग मतदान.

मास्तरांसाठी वक्ता कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. दुसऱ्या कुणाला जमणार आहे ते?

भाषण पाच मिनिटांत संपवायचं. चिडायचं नाही. सकाळी फिरायला जायचं, म्हणजे दम पुरेल. आणि ड्रायव्हिंग शिकायला येणाऱ्यांसमोर फुटबॉल अजिबात काढायचा नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी दोनदा बजावलंय.

४ मार्च

शेवटचा संकल्प मोडला. माझी चूक नाही.

बँकेतल्या मॅडम क्लच सोडायला शिकत होत्या. त्यांनी आपणहून विचारलं, डॅशबोर्डवरचा हा फोटो कुणाचा? विचारल्यावर न सांगणं उद्धटपणा झाला असता. सांगितलं की हे मास्तर. आपल्या क्लबचे आठ वर्षं मॅनेजर. त्यांनी कप जिंकला नाही, पण क्लबला विचार दिला. मॅडम म्हणाल्या, बरं. त्यांच्या 'बरं'मध्ये उत्सुकता दिसली, म्हणून सेमीफायनलचं सांगायला घेतलं.

आपण एका गोलनं पुढे. तो गोल मारणारा आपला नऊ नंबर पळतोय घोड्यासारखा. आणि मास्तरांनी त्यालाच बाहेर बोलावलं. सगळं स्टेडियम ओरडलं. त्यानंतर आपण दोन गोल खाल्ले आणि हरलो. बुद्धू लोक आजही म्हणतात मास्तर चुकले. त्यांना काय कळतंय? नऊ नंबरला धरून ठेवायला समोरच्यांनी दोन माणसं लावली होती. नऊ नंबरच नाही म्हटल्यावर ती दोघं बेकार झाली. गोंधळली. याला मी 'रिकाम्या जागेचा सिद्धांत' म्हणतो. आपला गोलकीपर घसरला नसता तर जगानं पाहिला असता.

एवढ्यात गाडी दुभाजकावर चढली. माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबला, थोडा उशिरा. मालकांनी बंपरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेले. मॅडमना बहुधा सिद्धांत पटला असावा, कारण त्या एकदम गप्प होत्या.

७ मार्च, रविवार

सलूनवाल्याशी संबंध संपले.

आम्ही शाळेत एका बाकावर बसलो. तेव्हापासून माझे केस दुसऱ्या कुणी कापलेले नाहीत. पण मैत्री एका जागी आणि बुद्धी एका जागी. हा माणूस बुलडोझरचा. मास्तर गेल्यावर जे आले ते बुलडोझर: ओरडायचे, शिव्या द्यायचे, आणि पहिल्याच वर्षी कप घेऊन गेले. मास्तरांनी तयार केलेली टीम घेऊन! आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कुणालाही येतं. मी हे दर रविवारी त्याच्या खुर्चीत बसून सांगतो आणि तो दर रविवारी कात्री चालवत हसतो.

आज मात्र दुकान भरलेलं असताना म्हणाला, अरे, त्यात सिद्धांत कसला? मास्तर घाबरले आणि चुकले. माणूस आहे, चुकतो.

मी उठलो. गळ्यातला कपडा त्याच्या हातात दिला आणि निघालो. डाव्या बाजूची कटिंग झाली होती, उजवीकडची व्हायची होती. त्यानं दारापर्यंत येऊन सांगितलं की निदान दुसरी बाजू तरी होऊ दे. मी वळलो नाही. माफी मागितल्याशिवाय त्या दुकानाची पायरी चढणार नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, सभेत कुठली बाजू लोकांकडे करणार?

१० मार्च

नव्या सलूनमध्ये गेलो. एसी आहे. कापणाऱ्याला मास्तर माहीतच नव्हते. कुठल्या शाळेत, विचारत होता. समजावून सांगेपर्यंत त्यानं दोन्ही बाजू सारख्या केल्या, म्हणजे काढूनच टाकल्या. कामावर गेल्यावर मालक म्हणाले, आजारी होतात का?

सकाळच्या फिरण्याला उद्यापासून सुरुवात. डोक्याला वारा लागतो.

१४ मार्च

हे लिहून ठेवायलाच हवं.

साडू. माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा. इतकी वर्षं माझा उजवा हात. प्रत्येक जेवणाला माझ्या शेजारी बसून मान हलवणारा. आज त्यांच्याकडे जेवायला गेलो, भाषणाचा मसुदा वाचून दाखवावा म्हणून, तर टेबलावर त्याचाच मसुदा. बुलडोझरसाठी वक्ता म्हणून सलूनवाल्यानं साडूला उभं केलंय.

मी विचारलं, आणि सिद्धांत? साडूनं आपला मसुदा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला की खरं सांगू का, सिद्धांत आपल्याला कधी कळलाच नाही. ताट निवत असायचं, म्हणून मान हलवायचो.

घरचा भेदी आणखी वेगळा कसा असतो? जेवलो नाही. म्हणजे दुसऱ्यांदा घेतलं नाही.

१५ मार्च

म्हटलं घरात तरी एक मत पक्कं आहे. बायकोनं शांतपणे सांगितलं की तिचं मत 'हंगामी'ला. बुलडोझरना काढल्यावर दीड महिना जो माणूस होता तो! नावही कुणाला आठवत नाही. का, तर एकदा मॅच हरल्यावर तो माइकवर म्हणाला होता, आज काय झालं ते मला समजलं नाही. बायको म्हणते, इतक्या वर्षांत असं म्हणणारा एकच पुरुष तिनं ऐकला.

यात टोमणा होता का? विचार केला. नसावा.

१९ मार्च

सत्याचा विजय होतो. क्लबचा फोन आला, सभेला मास्तर स्वतः येणार! क्लब सोडल्यापासून ते कुठेही गेले नाहीत. ऑफर आल्या असतील, पण त्यांनी घेतल्या नाहीत. याला निष्ठा म्हणतात. साडूनं शिकावं.

स्टेशनवरून आणायची जबाबदारी मी घेतली. मालकांनी गाडी दिली, एका अटीवर: टपावरचा ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड काढायचा नाही, फोन नंबर दिसला पाहिजे. दिसू दे. मास्तरांना साधेपणा आवडतो.

२८ मार्च, दुपार

गाडी धुतली. डॅशबोर्डवरचा फोटो पुसला. भाषण पाठ. पंचवीस मिनिटं होतंय, पण बोलताना आपोआप कमी होईल.

२९ मार्च, सकाळ

काल काय झालं ते क्रमानं लिहितो. म्हणजे मलाही नीट समजेल.

मास्तर रेल्वेतून उतरले. थकलेत. हातात लहानशी बॅग. माझ्या शेजारी बसले, म्हणजे एरवी मी शिकवायला बसतो त्या जागेवर. मी म्हटलं, सर, इतकी वर्षं एकच विचारायचं होतं. सेमीफायनल. नऊ नंबर. त्यामागचा तुमचा विचार मला कळलाय, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचाय.

मास्तर हसले. साधं, ओशाळं हसू. म्हणाले, "अहो, मला सहा नंबर काढायचा होता. तो लंगडत होता. आमच्या पाटीवाल्या पोरानं पाटी उलटी धरली."

तेव्हा बोर्ड विजेचे नव्हते, हातानं धरायच्या पाट्या होत्या. इंग्रजी सहाची पाटी उलटी धरली की नऊ. नऊ नंबर बघतो तर पाटीवर नऊ, आला बिचारा चालत बाहेर. मास्तर म्हणाले, एवढ्या लोकांसमोर त्याला परत आत पाठवणं बरं दिसलं नसतं. म्हणून गप्प बसलो.

हे सांगताना त्यांनी पाय लांब केले आणि पाय पडला त्या बाजूच्या ब्रेकवर. गाडी भर चौकात थांबली. मागून हॉर्न. मास्तरांनीच सांगितलं, चला, सिग्नल सुटलाय.

मग लक्षात आलं. थोर माणसं अशीच असतात. स्वतःचं श्रेय दडवतात. इतका खोल डाव एका ड्रायव्हरला पहिल्या भेटीत कोण सांगेल? पाटीची गोष्ट म्हणजे नम्रता. हॉलपर्यंत मी स्वतःला हे बरंचसं पटवलं होतं.

साडू दोन मिनिटं बोलला. टाळ्या. मग मी. भाषण जसंच्या तसं केलं, रिकाम्या जागेच्या सिद्धांतासकट. सिद्धांतावर आलो तेव्हा मास्तरांकडे बघितलं. ते बुटाची नाडी बांधत होते. अध्यक्षांनी मला दोनदा चिठ्ठी पाठवली.

शेवटी मास्तर उठले. आभार मानले. आणि म्हणाले की आत्ताच्या वक्त्यांनी बरोबर ओळखलं. त्या दिवशी नऊ नंबर मी मुद्दामच बाहेर घेतला होता. समोरची दोन माणसं बेकार करायची होती. जग मला हसलं, पण मी बोललो नाही.

माझे शब्द. 'बेकार' हा शब्दसुद्धा माझा. सगळा हॉल उभा राहिला. मीही उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या. तासाभरापूर्वी माझ्या शेजारी बसून यांनी काय सांगितलं होतं, हे त्या हॉलमध्ये मी एकटाच जाणत होतो.

मग सलूनवाला आला. गर्दीतून वाट काढत, सगळ्यांदेखत. म्हणाला, "तुझंच खरं होतं. मी उगाच हसत आलो इतकी वर्षं." माझा हात धरला. त्याचे डोळे ओले होते. म्हटलं, असू दे. त्यानं मास्तरांना मत दिलं, आणि त्याचं बघून बुलडोझरचे बरेच लोक फुटले. मास्तर जिंकले. साडूनं माझ्या बायकोला विचारलं म्हणे, जिंकूनही यांचं तोंड असं का?

परत जाताना मी मास्तरांना काही विचारलं नाही. स्टेशनच्या अलीकडे ते म्हणाले, वाटेत एका ठिकाणी सोडा, ओळखीचे लोक वाट बघतायत. डावीकडे वळा. पुन्हा डावीकडे. थांबा. बघतो तर पलीकडच्या क्लबचं गेट. आपले जन्माचे वैरी. त्यांचे झेंडे, त्यांचे दिवे, हार घेऊन उभे असलेले त्यांचे लोक. मी यांत्रिकपणे उतरलो आणि मास्तरांसाठी दार उघडलं. मोठ्या माणसासाठी दार उघडतात, सवय आहे. फोटो निघाले.

मास्तर म्हणाले, गाडी छान चालवता.

३० मार्च

पेपरात बातमी: मास्तर पलीकडच्या क्लबचे मुख्य सल्लागार. करार महिन्यापूर्वीच झालेला. खाली फोटो. मास्तर हार घालून, आणि दार धरून उभा मी, त्यांच्या झेंड्याखाली. टपावरचा बोर्ड स्वच्छ दिसतोय. फोन नंबरसकट.

आपल्या क्लबनं स्टँडचं नाव रद्द केलं. चाहत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या नावापुढे 'गद्दार' असं आलं, आणि थोड्या वेळानं मला काढूनच टाकलं. तो ग्रुप मी सुरू केला होता. साडूनं मला काढलं. अॅडमिन त्याला मीच केलं होतं.

विश्वासघात माझा झालाय, आणि गद्दार मी. हे कुणाला सांगू?

१ एप्रिल

ड्रायव्हिंग स्कूलचा फोन दोन दिवस वाजतोय. अर्धे लोक शिव्या देतात. मालकांसमोर राजीनाम्याची तयारी करून गेलो. मालक खूश! उरलेले अर्धे पलीकडच्या क्लबचे चाहते, त्यांना गाडी शिकायची आहे, आणि 'ते दार उघडणारे सर'च हवेत.

बँकेतल्या मॅडमनी दुसरा शिक्षक मागितला. त्या आपल्या क्लबच्या निघाल्या. त्यांनी कधी सांगितलंच नाही. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

४ एप्रिल, रविवार

सलूनमध्ये गेलो. माफीची वाट न बघता. मोठेपणा कुणीतरी दाखवायला हवा.

सलूनवाल्यानं खुर्ची झटकली, कपडा बांधला, केस बघितले आणि म्हणाला की कापायला काही ठेवलेलंच नाही. तरी मानेवरचं साफ करायला घेतलं. आरशात बघत मी त्याला सगळं सांगितलं. सहा नंबर, उलटी पाटी, मास्तर घाबरलेही नव्हते, चुकलेही नव्हते, नुसते लाजले होते. म्हणजे तू म्हणत होतास त्याच्या जवळपासचंच होतं, हेही सांगितलं. एवढं कोण सांगतं?

त्यानं मानलं नाही. म्हणाला, मास्तरांनी स्वतः सांगितलंय, हजार माणसांसमोर. डावच होता तो. आता तू पलीकडे गेलास म्हणून आमच्या मॅचची पाटी उलटी करू नकोस.

मी म्हटलं, मी कुठेही गेलेलो नाही. मास्तर गेले.

त्यानं वस्तरा पुसला. म्हणाला, "मास्तरांचा राग नाही रे. ते पगारी माणूस. गाडी तू चालवत होतास."

पुढचं गिऱ्हाईक उभं होतं. मी उठलो. या वेळी तो दारापर्यंत आला नाही.

६ एप्रिल, संध्याकाळ

पलीकडच्या क्लबच्या ग्रुपमध्ये मला कुणीतरी घेतलंय. शिकायला येणाऱ्यांपैकीच कुणी असणार. ताबडतोब बाहेर पडणार होतो. पण तिथे त्यांच्या माजी मॅनेजरांवर चर्चा चालू आहे, आणि इतकी उथळ की वाचवत नाही. मास्तरांविषयीही फार चुकीची मतं आहेत. एकानं लिहिलंय, हा तोच ना, ज्यानं सेमीफायनलला नऊ नंबर काढला?

बायको म्हणाली, झोपा आता.

एकच मेसेज टाकला. लांब आहे, पण मुद्देसूद. रिकाम्या जागेचा सिद्धांत पहिल्यापासून. निदान तटस्थ माणसांना तरी कळेल.

उत्तर आलं आहे: हे काका कोण?