लवंगेचं सांदण

७८६
खोर नखील, ५ नोव्हेंबर १९६५

मैमुनाआपास धाकट्या गनीचा सलाम. वि. वि.

दोन महिने पत्र टाकलं नाही, कबूल. शाई होती, कागद होता, तुमच्या बाजूला लाँचही जात होती. हातच होत नव्हता.

दुबईतलं बर्फाच्या कारखान्याचं काम सुटलं. मुकादम म्हणाला, तुझ्यापेक्षा बर्फ जास्त टिकतो. मग एका लाँचवर चढलो. तिच्यावर शिव्या देणारा पोपट होता, त्याची गोष्ट मोठी आहे, पुन्हा कधी. उतरलो ते इथे, दुबईच्या वर दीड दिवसावर. इथल्या शेखच्या खजुरीच्या बागेत तीसेक पाहुणे आहेत, त्यांच्या भटारखान्यात मी. पाहुणे म्हणजे सरहद्दीपलीकडच्या डोंगरात पाच वर्षं लढले आणि हरले ते. शेखने आसरा दिला, बंदुकाही काढून घेतल्या नाहीत. त्यांच्या पुढाऱ्याला सगळे मुअल्लिम म्हणतात, लढाईआधी तो पोरं शिकवायचा. हसरा माणूस. मोडकंतोडकं हिंदी बोलतो. कुठे शिकला ते आता कळेल.

पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला, तू कोकणचा ना, मग ती वाटीत उकडलेली गोड पांढरी भाकर कर, आमचा जुना स्वैपाकी करायचा. मी सांदण केलं. तो खूश, मग मीही फुशारलो. म्हटलं, खरं सांदण खायचं तर आमच्या आपाच्या हातचं. सिगारेटच्या पाकिटावर पत्ताच लिहून दिला, वेळबंदरला उतर, मैमुनाबीचं घर कुणीही दाखवील. माझ्या तोंडाला दार नाही, तुला माहीतच आहे.

पुढच्या जुम्म्याला पुन्हा केलं, तेव्हा त्याने विचारलं, "यात लवंग कुठे आहे?"

आपा, ईदेच्या सांदणांत एकातच लवंग लपवायची आणि ज्याच्या दाताखाली येईल त्याने घरभरची भांडी घासायची, हे तूच काढलंस. दुसऱ्या कुठल्या घरात मी पाहिलं नाही. खैरुद्दीनभावजींनाच दर वेळी मिळायची, कारण तू मुद्दाम त्यांना वाढायचीस.

मुअल्लिमने सगळं सांगितलं, जुन्या शाळेतली गंमत सांगावी तसं. चार वर्षांपूर्वी बेपत्ता झालेली भावजींची शिडाची फत्तेमारी वाऱ्याने त्यांच्या किनाऱ्याला लागली. हेर समजून तिच्यावरच्या नऊही जणांना डोंगरात नेलं. भावजींना चुलीपाशी बसवलं. ते बकरीच्या दुधात सांदणं करायचे आणि आपल्या माणसांना हसवायला एकात लवंग घालायचे. मुअल्लिमला तो खेळ आवडला. पुढे धान्य पुरेना, तेव्हा दर जुम्म्याला कैद्यांना सांदणं वाटायची आणि लवंग ज्याला येईल त्याला ओढ्यापलीकडे न्यायचं, असं ठरलं. लवंग लपवायची भावजींनीच.

शेवटी ते एकटे उरले. मुअल्लिम म्हणाला, त्या दिवशीही स्वैपाक्याने सांदण केलं. एकच केलं, आणि त्यात लवंग घातली.

म्हणून हात होत नव्हता.

रागावलीस तरी लोभातून वगळू नकोस.
तुझा गनी


७८६
वेळबंदर, २२ नोव्हेंबर १९६५

गनीस आपाची दुवा.

पत्र चुलीपाशी वाचलं. भात करपला. सासूबाई मरियमबी बोलल्या, लक्ष कुठे असतं हिचं. मी पत्र पदरात बांधलं.

तू इथे नव्हतास, म्हणून लिहिते. बाकी आठ जण बुडाले असं धरून त्यांच्या घरी फातिहा झाला. यांना मात्र कुणीसं बसऱ्यात पाहिलं म्हणे, दुसऱ्या बायकोबरोबर. चार वर्षं विहिरीवर मी तेच ऐकते. सासूबाई म्हणतात, तुझ्या जिभेला कंटाळून गेला माझा मुलगा. धाकटा दीर कमरुद्दीनही तेच खरं धरून चालला आहे. काझीसाहेबांना मी आडून विचारलं. ते म्हणाले, ऐकीव गोष्ट चालायची नाही, डोळ्यांनी पाहिलेल्याने सांगायला हवं.

मला मुअल्लिमचा जीव नको. त्याने चार माणसांत उभं राहून बोलावं, कुणाला मारलं, कुठे पुरलं. माझा नवरा पळाला नाही एवढं गावाला कळावं. तू शेखकडे जा. म्हणावं, आसरा दिलात, चांगलं केलंत, आम्हीही देतो. पण पाहुण्याच्या पायांवर पाणी घालताना पायाला काय लागलंय ते दिसतं. दिसल्यावर विचारायला नको? ज्याच्या दारात तो जेवतो, त्याने विचारायचं नाही तर कुणी विचारायचं?

आणि गनी, हे कळल्यावरही दोन महिने तू त्याला रांधून घातलंस. हाच सवाल तुलाही आहे.

तब्येत सांभाळ.
आपा


७८६
खोर नखील, १८ डिसेंबर १९६५

आपास सलाम. वि. वि.

दोन महिने का रांधलं, विचारलंस. पगार बरा होता, आणि मला त्याची भीती वाटत होती.

शेखच्या मजलिसीत गेलो. कॉफी दिली. माझं ऐकून घेतलं. म्हणाले, तो माझ्या दारात आला तेव्हा त्याचे हात कोरडे होते, त्याआधीचं अल्ला विचारील. मग दुबईला जाऊन इथल्या शेखांवर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रज साहेबाला गाठलं. येताना बर्फाचा मुकादम भेटला, अजून हसतो. साहेब म्हणाला, मेले ते हिंदी, मारणारे तिसऱ्याच मुलखातले, जमीन शेखची, यात मी कुठे बसतो? तरी त्याने शेखला चिठ्ठी पाठवली.

त्या चिठ्ठीने शेख घाबरले. रमजानआधी बाग रिकामी करायची असं ठरलं. सगळ्यांना नवे कपडे दिले, तांदूळ दिला आणि ज्या बंदराची बोट लागेल तिच्यावर दोघा-तिघांना चढवून दिलं. एकालाही काही विचारलं नाही. मुअल्लिम कुठे गेला असं मी कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "खलास. आता ते आमचे पाहुणे नाहीत." कुठे लिहूनही ठेवलेलं नाही.

जाण्याआधी मुअल्लिम भटारखान्यात आला होता. तुझ्या पत्त्याचं पाकीट मी परत मागितलं. त्याने नुसता खिसा थोपटला आणि हसला.

दार लावून घेत जा.
गनी


७८६
वेळबंदर, ८ जानेवारी १९६६

गनीस दुवा.

तुझं पत्र आज दुपारी आलं. ते वाचतच होते, तोच अंगणात एक माणूस उभा राहिला. नवे कपडे, हातात सिगारेटचं पाकीट. हिंदीत म्हणाला, "गनीने सांगितलं होतं, या घरी या म्हणून." रोजा आहे म्हणाला.

मी ओटीवर चटई टाकली. पाय धुवायला पाणी दिलं. दारात आलेल्या रोजेदाराला परत लावायचं नाही, हे मला या घरानेच शिकवलं. शेखला मी इतकं बोलले, पण चटई टाकताना माझा हात थांबला नाही.

सासूबाई त्याला पंखा घालत बसल्या आहेत. त्यांना वाटतं, बसऱ्याहून मुलाचा निरोप आला. त्याने त्यांचा हात कपाळाला लावला.

कमरुद्दीनला तुझी दोन्ही पत्रं दिली. ती त्याने दोनदा वाचली. मग त्याला काझीसाहेबांकडे पाठवलं, आणि त्या आठही घरांत. म्हटलं, आज सगळ्यांनी रोजा आमच्याकडे सोडायचा. चार घरची माणसं आली आहेत, अंगणात बसली आहेत. अजून कुणी काही विचारलेलं नाही. तो त्यांच्याकडे बघून हसतो.

मगरीबला थोडा वेळ आहे. सांदणांना वाफ येते आहे. त्याच्या ताटातली चार मी वेगळी काढली. चारहीत लवंग आहे.

बांग झाली की मी वाढीन, मग विचारीन.
आपा